स्टुलाच्या डावीकडे

मी एका आजींना बसायला स्टूल दिलं आणि त्यामुळे सात बॅगा चुकून जहाजात गेल्या. चांगुलपणा कधी कधी अंगाशी येतो म्हणतात. माझा सात अनोळखी माणसांच्या अंगाशी आला, आणि त्यातला मोठा वाटा त्या आजींच्याच पदरात पडला.

आमची सामानाची शेड कशी चालते ते आधी सांगतो. बंदरात प्रवासी जहाज लागतं त्या दिवशी सकाळपासून माणसं सामान घेऊन येतात. जहाज सुटतं संध्याकाळी पाचला. कुणी आल्या आल्या वर चढतं, कुणी म्हणतं, इतके तास आहेत तर जरा गाव बघून येऊ. चढणाऱ्यांच्या बॅगांना खोलीच्या नंबराची पट्टी बांधायची, त्या चाकं लावलेल्या जाळीच्या पिंजऱ्यांत रचायच्या आणि पिंजरे ढकलत जहाजाच्या दारापर्यंत न्यायचे. गाव बघणारे बॅग आमच्याकडे ठेवून हात हलवत जातात. त्यांना पितळी बिल्ला द्यायचा, बिल्ल्यावरचा आकडा खडूने जमिनीवर लिहायचा आणि त्या आकड्यावर बॅग उभी करायची. बॅगेला काही लावायचं नाही. तिची ओळख म्हणजे तिच्या पायाखालची जमीन.

या दोन ढिगांच्या मध्ये भिंत नाही की दोरी नाही. पूर्वी पिवळी रेघ होती, ती चाकांनी दोनदा खाऊन टाकली. तेव्हापासून तिथे मामाचं स्टूल असतं. स्टुलाच्या डावीकडे गावची बॅग, उजवीकडे जहाजाची. पहिल्या दिवशी मला बजावलं होतं, ‘स्टुलाला हात लावायचा नाही.’ मला वाटलं, मोठ्या माणसाच्या बैठकीचा मान असेल. भूगोलात ब्याण्णव मार्क मिळवलेल्या माणसाला सीमारेषा ओळखता आली नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचा सख्खा धाकटा भाऊ आणि शेडचा मुकादम. शेडमधले सगळेच त्याला मामा म्हणतात. त्यांची ती सवय, माझा तो हक्क, असं मी एकदा म्हणालो तर मामा म्हणाला, “हक्क घरी. इथं झाडू कोपऱ्यात आहे.” घरी मी त्याला अरे-तुरे करतो, शेडमध्ये अहो-जाहो. जेवणाच्या सुट्टीत दोघांचाही गोंधळ उडतो.

तो एकोणिसाव्या वर्षी आमच्या लहान गावातून इकडे आला. त्याआधी दोन वर्षं एका धान्याच्या वखारीत काट्यापाशी उभा होता. पोतं काट्यावर चढवायच्या आधी वजन सांगायचं आणि मग काट्याला विचारायचं, असा त्याचा एकट्याचा खेळ चाले. पहिलं वर्ष काटा जिंकला. दुसऱ्या वर्षी मालकाने दोनदा काटा तपासायला पाठवला, कारण मामाचं आणि काट्याचं पटेना. दोन्ही वेळा दोष काट्यात निघाला. बंदरावर येऊन त्याला एकतीस वर्षं झाली. मूठ धरून बॅग वीतभर उचलायची, क्षणभर लोंबू द्यायची आणि खाली ठेवायची, एवढंच तो करतो. पण तेवढ्यात त्याला वजन कळतं, ते कुठल्या कोपऱ्यात बसलंय ते कळतं आणि पुष्कळदा माणूसही कळतो.

“ही नव्या लग्नाची,” तो म्हणतो. “वरती हलकी, खाली दगड. बुटांचे सहा जोड घेतलेत, घालणार एक.” किंवा, “याची बायकोने भरलीय. चारी कोपरे सारखे.” आतल्या वस्तू त्याने कधी पाहिलेल्या नाहीत, पाहायच्याही नाहीत. त्याचं एक आवडतं वाक्य आहे: जाताना बॅग माणसाची असते, येताना दुकानाची.

मामीला या विद्येचं फारसं कौतुक नाही. “लोकांच्या चार हजार बॅगा उचलतात,” ती म्हणते, “घरातलं सिलिंडर सरकवा म्हटलं की कंबर धरतात.” त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात कपाटावर एक मोठी बॅग आहे. लग्नात आलेली. तिच्यात गोधड्या असतात. ती बॅग आजवर कपाटावरून पलंगावर आणि पलंगावरून कपाटावर एवढाच प्रवास करून आहे. आणि मामाने एकतीस वर्षांत जहाजात पाऊल टाकलेलं नव्हतं. आमची हद्द जहाजाच्या कुशीतल्या लोखंडी दारापर्यंत. तिथे पिंजरा आतल्या माणसांच्या हाती द्यायचा आणि फिरायचं.

मी तर जहाज पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जहाज आहे हेच कळलं नव्हतं. आदल्या दिवशी रस्त्याच्या टोकाला आभाळ होतं. दुसऱ्या सकाळी तिथे अकरा मजली पांढरी इमारत उभी. मी मामाला विचारलं, “ही रातोरात कुणी बांधली?” मामा म्हणाला, “हळू बोल, ती संध्याकाळी निघून जाते.”

तर त्या दिवशी, माझ्या नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात, साडेदहाला त्या आजी आल्या. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटकुळ्या, पायातल्या बुटाचा बंद तुटलेला. मामाने त्यांची बॅग उचलली, लोंबवली, डावीकडे अठरा नंबरवर उभी केली आणि पितळी बिल्ला दिला. तेवढ्यात कुणीतरी माणसाच्या उंचीचं वाद्य पेटीत घालून आणलं म्हणून तो बाहेर गेला.

आजी बुटाच्या बंदाशी झटत एका पायावर उभ्या होत्या. मला राहवलं नाही. मी स्टूल उचललं. जिथे होतं तिथे वारा लागत नव्हता, म्हणून पाच पावलं डावीकडे, पंख्याखाली नेऊन ठेवलं.

“बसा आजी.”

“देव तुझं भलं करो, बाळा,” त्या म्हणाल्या. बसल्या बसल्या त्यांनी मला सगळं सांगितलं. बहिणीकडे चालल्या होत्या. जहाजाच्या तिसऱ्या बंदरावर बहीण राहते. भेटून एकोणतीस वर्षं झाली.

“विमानाने लवकर नसतं का झालं?”

“विमानात कान फुटतात माझे. आणि तिला धक्क्यावरच उभं राहायचंय. ब्याऐंशी वर्षांची आहे. म्हणाली, तुला जिन्यावरून उतरताना बघते, मग मरायला मोकळी. मी म्हटलं, तू मोकळी होशील, मी परतीच्या तिकिटाचं काय करू?”

“मग आता चार वाजेपर्यंत काय करणार?”

“छत्री घ्यायचीय. साठ वर्षांपूर्वी तिची निळी छत्री मी हरवली. अजून ऐकवते. दर पत्रात शेवटी एक ओळ असते छत्रीची.”

मी तुटलेल्या बंदाला गाठ मारून दिली आणि त्या बाजाराच्या दिशेने गेल्या. स्टूल तिथेच राहिलं.

आमच्याकडे पिंजरे भरणारा एक गडी आहे. सगळ्यांत संथ, म्हणून त्याचं नाव वादळ. वादळ पट्ट्या वाचत नाही की खडूचे आकडे बघत नाही. तो फक्त स्टूल बघतो. स्टुलाच्या उजवीकडे जे जे दिसलं ते त्याने आपल्या नेहमीच्या शांतपणाने पिंजऱ्यात रचलं. अकरा ते अठरा, त्यातला बारा नंबर रिकामा होता, म्हणजे सात बॅगा. मामा परत आला तेव्हा समोर चढणाऱ्यांची रांग लागली होती. तो उभ्यानेच कामाला लागला. स्टुलाची आठवण त्याला पाय दुखायला लागल्यावर, म्हणजे तीन वाजता झाली.

त्याने स्टूल पाहिलं, मग मोकळी जमीन आणि तिच्यावरचे खडूचे आकडे. वाकून अठराच्या आकड्यावरून बोट फिरवलं.

“कुणी हलवलं?”

“मी. आजींना बसायला.”

“किती वाजता?”

“साडेदहा. पावणेअकरा.”

तेवढ्यात आजीच दारात. हातात लांब निळी छत्री, चेहरा लढाई जिंकून आल्यासारखा. बिल्ला पुढे करून म्हणाल्या, “द्या बाबा माझी बॅग, वर जाऊन बसते. पाय गेले माझे. पासपोर्ट, तिकीट, औषधं, सगळं तिच्यातच आहे.”

“बॅगेत कशाला ठेवलंत?” माझ्या तोंडून गेलं.

“बटवा चोर पळवतात. बॅग तुमच्या शेडमध्ये होती. इथून कशी जाईल?”

पासपोर्टाशिवाय वरच्या जिन्याला पाय लावू देत नाहीत. चार वाजता जिना उचलतात. आणि आत चार हजारांच्या आसपास बॅगा, त्यात पट्टी नसलेल्या सात. शिवाय हल्ली सगळ्यांच्याच बॅगा काळ्या आणि चाकांच्या, एकाच आईची लेकरं असल्यासारख्या. आजींनी आमच्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. छत्री त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“आजी,” मामा म्हणाला, “शेडची चूक झाली. म्हणजे माझी. तुम्ही इथं बसा. बॅग आणतो.”

मी तोंड उघडलं, तर त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं. बोलायची ती पहिली संधी होती.

लोखंडी दारापर्यंत आम्ही जवळजवळ धावत गेलो. दारावरचा अधिकारी मामाला पंधरा वर्षं ओळखत होता, दाराच्या या बाजूने.

“बाहेरच्यांना आत बंदी आहे, मामा. तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे. म्हणून तर इतकी वर्षं आलो नाही.”

“आमची माणसं शोधतील.”

“काय शोधायचं सांगू त्यांना? काळी बॅग?”

अधिकाऱ्याने घड्याळ बघितलं. “पंधरा मिनिटं. मी सोबत राहीन. आणि हा कोण?”

“भाचा. उचलायला आणलाय. डोकं घरी ठेवून आलाय, त्याची तपासणी नको.”

दाराच्या उंबऱ्याशी मामा थांबला आणि पायपुसण्याला बूट पुसायला लागला. एक, दोन, पुन्हा पहिला. अधिकारी म्हणाला, “अहो मामा, इथून दिवसभर पिंजरे जातात. पुसता काय?” मामा ओशाळला. मग त्याने तो उंबरा ओलांडला, पाण्यात पाय घालावा तसा, बेताने.

आत रस्ता होता. खरंच रस्ता, त्याला दुसरा शब्द नाही. जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, दिव्यांनी उजळलेला, दोन हातगाड्या शेजारून जातील एवढा रुंद. एका बाजूने पिठाची पोती चाललेली, दुसऱ्या बाजूने इस्त्रीच्या चादरींचे डोंगर. भिंतीपलीकडे कुठेतरी काहीतरी प्रचंड संथपणे धडधडत होतं आणि ते कानाला नाही, तळपायाला ऐकू येत होतं. मी चालायचं विसरलो. आमच्या गावातली बाजारपेठ उचलून आत ठेवली असती तरी उरला असता एवढा तो रस्ता, आणि हा सगळा पसारा पाण्यावर उभा होता. मामाने एका हाताने भिंतीला स्पर्श केला. मला वाटलं, हा आता जहाजाचं वजन सांगतो की काय.

तो हळूच म्हणाला, “एकतीस वर्षं मी याला घास भरवतोय. पोट आज बघितलं.”

पिंजरे एका बाजूला उभे होते. चाळीसेक तरी. बरेचसे रिकामे झाले होते. मामा त्यांच्यासमोर थांबला, डोळे मिटले आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागला. अधिकारी माझ्याकडे बघायला लागला. मी दुसरीकडे.

“वाद्याची पेटी आली तेव्हा वादळ चौदावा पिंजरा बांधत होता,” मामा म्हणाला. “त्याची दोरी तुटली म्हणून माझ्याकडे दोरी मागायला आला. म्हणजे आपल्या बॅगा पंधराव्यात. वादळ एका पिंजऱ्याला पाऊण तास घेतो, पण स्टुलालगतचं आधी उचलतो, सोळाव्यासाठी मागे ठेवत नाही. पंधराव्याच्या तळाला हिरवी लोखंडी ट्रंक असणार. एक कडी तुटकी. ती मी स्वतः ठेवली होती.”

हिरवी ट्रंक असलेला पिंजरा त्या रांगेत नव्हता. तो लिफ्टच्या तोंडाशी होता, आणि पांढऱ्या कपड्यांतला एक मुलगा त्याला आत ढकलत होता. अधिकारी ओरडला. पिंजरा थांबला, अर्धा आत, अर्धा बाहेर.

पिंजऱ्यात साठ बॅगा. निम्म्याहून अधिक काळ्या. पट्टी नसलेल्या शोधायच्या तर एकेक फिरवून बघावी लागली असती, आणि आता नऊ मिनिटं उरली होती. मी पट्ट्या शोधायला वाकलो.

“बाजूला हो,” मामा म्हणाला.

मग त्याने ते केलं. एका मुठीला हात घालायचा, बॅग वीतभर सरकवायची, लोंबवायची, सोडायची. “ही नाही. ही नाही. ही बाईची, औषधांची, पण ती नाही. ही अकरा.” अकरा बाजूला आली. पट्टी नव्हती. “ही नाही. ही चौदा, आत पुस्तकं. ही सतरा.” एकदाही त्याने पट्टी पाहिली नाही. मी मात्र प्रत्येक वेळी पाहत होतो, आणि प्रत्येक वेळी ती नव्हती. लिफ्टचा मुलगा ढकलायचं सोडून तोंड उघडं टाकून उभा होता. अधिकाऱ्याने घड्याळाचा हात पाठीमागे नेला होता. तळपायाखालची धडधड आणि मामाचा आवाज, बस. मला आठवलं, लहानपणी आई सांगायची की मामा काट्याशी भांडायचा, आणि आम्ही हसायचो.

सहा झाल्या. सातवी मिळेना. सातवी आजींची.

मामा गुडघ्यांवर बसला. कपाळावर घाम. “साडेनऊ किलो,” तो स्वतःशीच म्हणाला. “डाव्या खालच्या कोपऱ्यात पत्र्याचा डबा. शिवणाचा. आत बटणं सरकतात.” त्याने ट्रंकेच्या मागे हात घातला, खांद्यापर्यंत, गाल जाळीला टेकवून. डोळे मिटलेले. हात थांबला. काहीतरी हलवलं.

आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. बटणं सरकली.

बाहेर आल्यावर सातही बॅगा त्याने खडूच्या आकड्यांवर परत ठेवल्या. प्रत्येकीला एकदा उचलून, लोंबवून, आपापल्या जागेवर. नंतर बिल्ले घेऊन माणसं आली आणि आपली बॅग घेऊन गेली. सातांपैकी सहांना काही घडलं होतं याचा पत्ताही लागला नाही. एक बाई तर म्हणाली, “इथं फार धूळ बसते हो बॅगांवर.”

आजींनी मात्र बॅग उघडली, पासपोर्ट काढला आणि छातीशी धरला. मग मामाच्या हातात काही नोटा द्यायला लागल्या. मामाने हात मागे घेतले.

“चूक आमची आणि बक्षीस तुमचं, असा कुठला धंदा? बहिणीला छत्री द्या.”

मग त्या माझ्याकडे वळल्या. माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, “आणि तू रे. दिवसभरात स्टूल दिलंस ते तू एकट्यानेच. विसरायची नाही मी.”

मामाने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. ती दुसरी संधी. मी वाकून त्यांच्या बुटाची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली. तेवढंच सुचलं. पावणेचारला त्या जिना चढल्या.

पाच वाजता जहाज सुटलं. हे दृश्य मी त्याआधी एकदा पाहिलं होतं, तरी त्या दिवशी पहिल्यांदा पाहतोय असं वाटलं. आधी दोर सुटतात. मग काहीच होत नाही. मग लक्षात येतं की धक्का आणि जहाज यांच्यामध्ये हातभर पाणी आहे, मग खोलीभर, मग मैदानभर. अकरा मजले, हजारो माणसं, पिठाची पोती, चादरी, वाद्याची पेटी, सगळं आवाज न करता सरकतं. कठड्यांवर माणसांच्या रांगा, इतक्या लांबून नुसते ठिपके.

“त्यांच्यात आजी कुठल्या?” मी विचारलं.

मामा डोळ्यांवर हात धरून बघत होता. आणि मग नवव्या मजल्यावर, लख्ख उन्हात, पावसाचा टिपूस नसताना, एक निळी छत्री उघडली. तेवढ्या गर्दीत एकच. ती हलत नव्हती, नुसती उघडी धरलेली होती, जहाज वळेपर्यंत.

“त्यांना सांगायला हवं होतं मी,” मी म्हणालो.

“हवं होतंच. चौदा दिवसांनी जहाज परत येतंय. तेव्हा सांग.” मग थोडं थांबून, “आत तेवढा लांब रस्ता आहे हे घरी सांगू नकोस. तुझी मामी म्हणेल, एकतीस वर्षं हे मला फिरायला नेतो म्हणतात आणि स्वतः एकटे जाऊन आले.”

चौदा दिवसांनी जहाज आलं. मी पहाटेपासून जिन्याखाली उभा होतो, दोन वाक्यं पाठ करून. शेवटचा माणूस उतरला तरी आजी नाहीत. दारावरच्या अधिकाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, त्या तिसऱ्या बंदरावर उतरल्या त्या उतरल्याच. बहिणीने सोडलं नाही म्हणे. जिन्याखाली एक म्हातारी उभी होती, तिने छत्री आधी घेतली आणि बहिणीला नंतर.

मामाने आता स्टुलाच्या चार पायांभोवती रंगाने चार गोल काढले आहेत. माझ्या शिक्षणावर त्याचा विश्वास तेवढाच उरलाय. जहाज दर पंधरवड्याला येतं. मी अजून जिन्याखाली जाऊन उभा राहतो. दोन वाक्यं पाठ आहेत. स्टूल मी हलवलं होतं, आजी. चूक मामाची नव्हती. एवढीच. ती अजून द्यायची राहिली आहेत.